ॲम्ब्युलन्स दारात येईपर्यंत: ठाणे-नवी मुंबईत नव्याने राहायला आलेल्यांसाठी प्रथमोपचाराची तयारी

आमच्या इमारतीत सातव्या मजल्यावर नाशिकहून एक कुटुंब राहायला आलं. सामान अजून खोक्यांतच होतं. चौथ्या दिवशी सकाळी घरातल्या आजींच्या छातीत कळ आली. सुनेने १०८ ला फोन लावला. पलीकडून पत्ता विचारला तेव्हा ती फक्त "घोडबंदर रोड" एवढंच सांगत राहिली. कापूरबावडीपासून गायमुखापर्यंत सगळा घोडबंदर रोडच आहे. शेवटी वॉचमनदादांनी फोन हातात घेतला आणि नाका सांगितला. तरी गाडी आली ती मागच्या गेटला, आणि त्या गेटला सकाळी कुलूप असतं. आजी वाचल्या, पण पंधरा-वीस मिनिटं निव्वळ पत्त्यापायी गेली. ती सून त्या वेळी कशी थरथरत होती ते मी विसरलेले नाही.

मी डॉक्टर नाही. प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेऊन काही वर्षं आजूबाजूच्या सोसायट्यांत छोटे वर्ग घेते. तिथे पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ताई, डब्यात काय काय ठेवायचं?" मी सांगते, डबा नंतर. सुरुवात कागद आणि पेनाने करायची.

पहिली पायरी: पत्ता लिहून भिंतीला लावा

जाड पेनाने, आजोबांना चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या अक्षरात लिहा. फ्लॅट नंबर, मजला, विंग, इमारतीचं नाव, मग जवळचा नाका किंवा सिग्नल, आणि गाडी कोणत्या गेटने आत घ्यायची ते. ठाण्यात इमारतीच्या नावापेक्षा नाक्याचं नाव जास्त कामाला येतं: मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली. तीच गोष्ट वर्तकनगर, कोलबाड किंवा कळवा नाक्याची.

नवी मुंबईत घोटाळा वेगळा आहे. सिडकोने एकेक नोड, म्हणजे उपनगर, वसवताना प्रत्येक नोडमध्ये सेक्टर पुन्हा एकपासून मोजले. सेक्टर १९ वाशीतही आहे, नेरुळमध्येही आहे आणि खारघरमध्येही आहे. माझी बहीण खारघरला राहते. तिला मी पढवून ठेवलंय की आधी "खारघर" म्हणायचं, मग सेक्टर, मग प्लॉट नंबर, मग समोरची खूण. खारघर, कामोठे आणि कळंबोली २०१६ पासून पनवेल महापालिकेत आहेत, नवी मुंबई महापालिकेत नाहीत. पालिकेचा दवाखाना किंवा अग्निशमन केंद्र शोधताना हे माहीत असलेलं बरं.

कागद फ्रिजवर किंवा मुख्य दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. कामाला येणाऱ्या मावशींना आणि मुलांना तो एकदा मोठ्याने वाचून दाखवा. अडचणीच्या वेळी घरात नेमकं कोण असेल ते आपल्या हातात नसतं.

दुसरी पायरी: नंबर आणि माणसं

त्याच कागदावर खाली लिहा: ॲम्ब्युलन्स १०८, कोणतीही तातडी ११२, आग १०१, गरोदर बाई किंवा तान्हं बाळ असेल तर १०२, सिलिंडरच्या गॅसगळतीला १९०६. पाइपचा गॅस असेल तर कंपनीचा तातडीचा नंबर बिलावर छापलेला असतो, तोही उतरवून ठेवा. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ पासून आहे आणि ती मोफत आहे. फोन लागला की स्पीकरवर टाका आणि पलीकडच्याने ठेवायला सांगितल्याशिवाय ठेवू नका. गाडी निघालेली असते, तोवर काय करायचं ते ते लोक सांगत राहतात.

त्यानंतर तीन माणसं ठरवा. एक रुग्णाजवळ थांबेल. एक खाली गेटवर जाऊन गाडीला हात दाखवेल आणि लिफ्ट अडवून ठेवेल. तिसरं माणूस कागदपत्रांची पिशवी, पैसे आणि चालू औषधं घेईल. घरात एवढी माणसं नसतील तर शेजाऱ्यांना आधीच विचारून ठेवा. नव्या जागी असं विचारायला संकोच वाटतो, मला कळतं. पण "आमच्याकडे सासरे हृदयाचे पेशंट आहेत, कधी वेळ आली तर तुम्ही खाली जाल का?" या प्रश्नाला आजवर कोणी नाही म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

रुग्णालयही दिवसाउजेडी बघून ठेवा. एकदा स्वतः जाऊन अपघात विभागाचं दार कोणतं आणि रात्री ते उघडं असतं का ते पाहा. तिथे चार गोष्टी विचारा: सीटी स्कॅन चोवीस तास होतो का, हृदयाची अँजिओप्लास्टी इथेच होते का, सर्पदंशाची लस आहे का, कुत्रा चावल्यावरचं सीरम मिळतं का. पालिकेचं मोठं रुग्णालय ठाण्यात कळव्याला आहे, छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. नवी मुंबईत ते वाशीला आहे. गंभीर भाजण्यासाठी ऐरोलीत नॅशनल बर्न्स सेंटर आहे, ते नाव कागदावर असूच द्या. ऐन गर्दीत कळव्याचा किंवा ऐरोलीचा पूल ओलांडायचा झाला तर घड्याळ कसं पळतं ते इथे वर्षभर राहिलेल्या कोणालाही विचारा. म्हणून एक रुग्णालय पुलाच्या अलीकडचं निवडा.

तिसरी पायरी: डबा

दिवाळीच्या फराळाचा झाकणाचा मोठा डबा चालतो. बाथरूममध्ये ठेवू नका, ओलाव्याने पट्ट्या आणि गोळ्या खराब होतात. कुलपाच्या कपाटातही नको. लहान मुलांचा हात पोचणार नाही, पण मोठ्यांना अंधारातही सापडेल अशी एक जागा ठरवा आणि ती बदलू नका.

आत ठेवा: निर्जंतुक गॉजची पाकिटं, दोन रुंदीच्या गुंडाळी पट्ट्या, चिकटपट्टी, छोट्या जखमांच्या तयार पट्ट्या, बोथट टोकाची कात्री, काटा काढायचा चिमटा, हातमोजे, पोव्हिडोन आयोडीनची छोटी बाटली, जखम धुवायला सलाइन, डिजिटल थर्मामीटर, टॉर्च आणि ओआरएसची पाकिटं. झोळी बांधायला वेगळं काही आणू नका. जुन्या सुती साडीचे दोन मोठे तिकोनी तुकडे धुऊन, इस्त्री करून ठेवा. मोडलेल्या हाताला साडीच्या झोळीइतका आधार दुसरा कशाचा मिळत नाही.

औषधांत पॅरासिटामॉल, ॲलर्जीसाठी सेटिरिझिन, आणि घरात चाळिशीपुढची माणसं असतील तर ३०० ते ३२५ मिलिग्रॅमची साधी ॲस्पिरिन. उरलेल्या अँटिबायोटिकच्या अर्धवट पट्ट्या डब्यात नकोत. गोळ्यांची पट्टी कापताना तारखेची बाजू शेवटपर्यंत जपा. डबा वर्षातून दोनदा उघडा, मृगाच्या आधी आणि दसऱ्याला पाटीपूजनाच्या दिवशी. लक्षात राहायला हे दोन दिवस सोपे आहेत.

डब्याच्या झाकणाला आतून घरातल्या प्रत्येकाचा कागद लावा: नाव, वय, रक्तगट, चालू औषधं, कशाची ॲलर्जी आहे, कोणते आजार आहेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती लाल पेनाने लिहा.

चौथी पायरी: भाजणं

यावर मी जरा थांबणार आहे, कारण हा घरात नेहमी होणारा अपघात आहे आणि चुकीचे उपायही याच्यावर खूप होतात. चहाचं पातेलं, कुकरची वाफ, पुरणपोळीचा तवा, अनारसे तळताना उडालेलं तेल. आमच्या ओळखीच्या एका काकूंच्या मनगटावर तेल उडालं आणि घरच्यांनी मायेने त्यावर टूथपेस्टचा थर दिला, वरून हळद. दवाखान्यात तो थर काढताना काकूंना झालेल्या वेदना भाजण्याच्या वेदनेपेक्षा जास्त होत्या. जखम किती खोल आहे तेही त्याखाली दिसत नव्हतं.

करायचं एकच: नळाचं साधं पाणी, हळू धारेने, सलग वीस मिनिटं. बर्फ नको, फ्रिजचं पाणी नको. घड्याळ लावा, कारण चार मिनिटांत माणसाला वाटतं की झालं. वरून कातडी लाल दिसत असली तरी आतली उष्णता खाली उतरत असते, ती पाण्याने बाहेर काढायची असते. पाणी चालू असतानाच अंगठी, पाटल्या, बांगड्या, घड्याळ काढा. तासाभरात सूज आली की त्या कापाव्या लागतात. अंगाला चिकटलेलं कापड मात्र ओढू नका, त्याच्यावरच पाणी सोडा. लहान मूल असेल तर भाजलेल्या जागेवरच पाणी घाला आणि बाकीचं अंग पांघरुणात उबदार ठेवा. मग धुतलेल्या सुती कापडाने किंवा पोळ्या गुंडाळायच्या पारदर्शक प्लास्टिकच्या कागदाने सैल झाका. फोड फोडू नका. तूप, शाई, बटाटा, कोरफड, दही, काहीही लावू नका.

ज्या दिवशी पाण्याचा शटडाऊन जाहीर होतो, त्या दिवशी नळाला पाणी नसतं आणि स्वयंपाक मात्र चालूच असतो. म्हणून स्वयंपाकघराजवळ एक झाकलेली बादली कायम भरलेली ठेवा आणि जवळ एक तांब्या ठेवा. ही सवय तुम्हाला कोणत्याही मलमापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

रुग्णालयात कधी न्यायचं? चेहरा, हात, पाय, सांधा किंवा गुप्तांग भाजलं असेल तर. रुग्णाच्या स्वतःच्या तळहातापेक्षा मोठी जागा असेल तर. विजेने किंवा रसायनाने भाजलं असेल तर. तान्ह्या बाळाचं आणि म्हाताऱ्या माणसाचं कितीही छोटं भाजणं असलं तरी न्यायचंच. पेटलेल्या कपड्यांसाठी: पळू नका, जमिनीवर आडवं होऊन लोळा, किंवा घोंगडी अंगाला घट्ट लपेटा. कढईतलं तेल पेटलं तर पाणी मुळीच टाकू नका. गॅस बंद करा, मोठं झाकण ठेवा आणि कढई हलवू नका. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका. खिडक्या उघडा, रेग्युलेटर किंवा पाइपचा व्हॉल्व्ह फिरवून बंद करा, बाहेर पडा आणि फोन बाहेरून करा.

पाचवी पायरी: छातीत कळ, आणि श्वास थांबणं

आपल्याकडे छातीत दुखलं की पहिलं वाक्य असतं, "गॅस झाला असेल." मग ओवा, सोडा, गरम पाणी, पाठ चोळणं. माझ्या स्वतःच्या वडिलांचे दीड तास असेच गेले, आणि त्या दीड तासात मीही ओवा आणून देणाऱ्यांतली होते. छातीवर दगड ठेवल्यासारखा दाब, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणारी कळ, गार घाम, घाबरं होणं, यातलं काही दिसलं तर तो हृदयविकार धरून चाला. बायकांमध्ये आणि मधुमेही माणसांमध्ये कळ अगदी सौम्य असू शकते. नुसता थकवा, मळमळ आणि दम एवढंच दिसतं.

१०८ लावा. रुग्णाला जमिनीवर भिंतीला टेकवून, गुडघे थोडे वर घेऊन बसवा. चालू देऊ नका, जिना तर नाहीच. ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल, रक्तस्रावाचा किंवा अल्सरचा त्रास नसेल आणि फोनवरचा माणूस हो म्हणत असेल तर एक गोळी चावून खायला द्या. गिळून नको, चावून.

माणूस कोसळला, हाक मारून आणि खांदे हलवूनही जागा होत नाही, आणि श्वास नाही किंवा अधूनमधून फक्त आचका दिल्यासारखा येतो, तर ते हृदय थांबणं आहे. तो आचका म्हणजे श्वास नव्हे. तोंडावर पाणी मारण्यात आणि कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका. पलंगावरून खाली घ्या, कारण गादीवर दाब फुकट जातो. छातीच्या मधोमध हाडावर एका तळहाताची टाच, त्यावर दुसरा हात, कोपरं सरळ. दोन इंच खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. दोन मिनिटांनी माणूस बदला, कारण दमलेले हात खोल दाबत नाहीत. प्रशिक्षण नसेल तर नुसतं दाबत राहणं पुरेसं आहे. बरगडी मोडेल या भीतीने थांबू नका, बरगडी पुढे जुळते.

बुडालेल्या माणसाला आणि लहान मुलाला मात्र श्वासही लागतो: तीस दाब, मग नाक धरून तोंडाने दोन श्वास. इकडच्या कितीतरी संकुलांत पोहण्याचा तलाव असतो. तुमच्या तलावाजवळ हे येणारं एक तरी माणूस ड्युटीवर असतं का, ते सोसायटीच्या सभेत विचारा.

सहावी पायरी: घशात अडकणं

शेंगदाणा, चण्याची डाळ, सुपारीचं खांड, बटन सेल. मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या, पाठ थोपटू नका, पाणी पाजू नका. आवाज बंद झाला, हात गळ्याकडे गेले, ओठ निळसर झाले की हात घालायचा. मोठं माणूस आणि वर्षापुढचं मूल: पुढे वाकवून दोन खवाट्यांच्या मधे तळहाताच्या टाचेने पाच जोरदार थापा. नाही निघालं तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मूठ ठेवा आणि आत-वर असे पाच झटके द्या. पुन्हा पाच थापा, पुन्हा पाच झटके. गरोदर बाईला झटके छातीच्या हाडावर द्यायचे.

वर्षाच्या आतल्या बाळाच्या पोटावर झटके कधीही देऊ नका. बाळाला आपल्या हातावर पालथं घ्या, डोकं खाली, पाठीवर पाच थापा. मग उताणं करून छातीच्या मधे दोन बोटांनी पाच दाब. तोंडात आंधळेपणाने बोट घालू नका, वस्तू आणखी आत जाते. बाळाला उलटं टांगून झटकायची जुनी रीत धोक्याची आहे. बटन सेल किंवा चुंबकाचा तुकडा गिळला असेल तर मूल हसत-खेळत असलं तरी त्याच घटकेला रुग्णालयात न्या.

थोडक्यात बाकीचं

विळीने किंवा मिक्सरच्या पात्याने कापलं तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबा आणि सलग दहा मिनिटं उचलून बघू नका. रक्त वर आलं तर त्यावरच दुसरं कापड ठेवा. घोळणा फुटला तर मान मागे नको. पुढे झुकून नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटं चिमटीत धरायचा.

फिट आली तर आजूबाजूच्या टणक वस्तू सरकवा, डोक्याखाली मऊ काही द्या, घड्याळ बघा. दातांत चमचा घालू नका, चप्पल किंवा कांदा हुंगवू नका. झटके थांबले की कुशीवर वळवा. पाच मिनिटांत थांबली नाही, लागोपाठ दुसरी आली किंवा आयुष्यातली पहिलीच असेल तर १०८.

एका बाजूचं तोंड वाकडं, एक हात खाली पडतोय, बोलणं अडखळतंय: हा पक्षाघात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून "शेवटचं ठणठणीत कधी पाहिलं" ती वेळ लिहून घ्या. यात ॲस्पिरिन देऊ नका. आत रक्तस्राव आहे की गुठळी, ते सीटी स्कॅनशिवाय कळत नाही.

मधुमेही माणूस घामाघूम, थरथरणारा, चिडचिडा झाला तर साखर ७० च्या खाली गेलेली असू शकते. शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही ओतू नका, फसफसतं पेय तर नाहीच.

सातवी पायरी: आपल्या परिसराचं बघा

येऊर, पातलीपाडा, कासारवडवली ही ठाण्याची बाजू जंगलाला लागून आहे. खारघर आणि बेलापूरच्या टेकड्यांचंही तसंच. पावसात साप तळमजल्यावर आणि पार्किंगमध्ये येतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार विशेष विषारी, आणि आपल्याकडे मिळणारी सर्पदंशाची लस या चौघांवर चालते. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दुखतही नाही. पहाटे पोटात दुखतं आणि पापण्या जड होतात. दंशावर आवळून बांधू नका, चिरू नका, चोखू नका. अंगठी-पैंजण काढा, फळी किंवा पुठ्ठा लावून तो अवयव हलणार नाही असा बांधा, माणसाला उचलून न्या. सापामागे धावू नका. कोणता साप होता ते न कळताही लक्षणांवरून उपचार होतात.

विंचवाची गोष्ट कोकणातून आलेल्यांना सांगायला नको. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध किती गुणकारी आहे ते दाखवून दिलं आणि त्यामुळे कितीतरी मुलं वाचली. दंशानंतर घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले तर घरी थांबू नका.

कुत्रा, मांजर किंवा माकड चावलं अथवा ओरखडलं तर आधी साबण आणि वाहतं पाणी, पूर्ण पंधरा मिनिटं. चुना, मिरची, तेल नको. त्याच दिवशी पहिलं इंजेक्शन, आणि जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेभोवती द्यायचं सीरमही मागून घ्या. पालिकेच्या रुग्णालयांत लस मिळते. मधले डोस चुकवू नका, कुत्रा ओळखीचा असला तरी. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस वाचत नाही.

दिवा, मुंब्रा, कळव्याच्या सखल भागांतून गुडघाभर पाण्यात चालत आलात आणि पायाला खरचटलेलं असेल तर पाय साबणाने धुवा आणि दोन-तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना भेटून लेप्टोच्या (साचलेल्या दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाच्या आजाराच्या) प्रतिबंधक गोळीबद्दल विचारा. नंतर ताप आला तर "पाण्यातून चाललो होतो" हे आवर्जून सांगा. पावसाळ्यातल्या कोणत्याही तापाला डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. अंगदुखीच्या इतर गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. मुलांचं पॅरासिटामॉलचं औषध वजनावर ठरतं आणि बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या असतात, म्हणून डॉक्टरांकडून "या बाटलीचं इतकं मिली" असं लिहून आणा आणि ते बाटलीवरच चिकटवा.

जुलाब-उलटीला ओआरएस. दुकानात नीट बघून घ्या. फळांच्या गोड पेयांवर ओआरएस हा शब्द छापायला २०२५ मध्ये मनाई झाली ती लोकांची फसगत होत होती म्हणूनच. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. घोट घोट द्या.

शॉक लागलेल्याला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा. तो कुठे आहे ते आजच घरातल्या सगळ्यांना दाखवा. भाड्याच्या घरात गळती झाल्यावर वीज तोडणारा स्विच बसवलेला आहे का, ते मालकांना विचारा. गिझर आणि वॉशिंग मशीन असलेल्या ओल्या बाथरूममध्ये जीव त्यावरच असतो.

फिनाइल, ॲसिड, रॉकेल कधीही पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत ओतून ठेवू नका. कोणी प्यायलंच तर उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका, बाटली सोबत घेऊन रुग्णालयात जा. बाथरूम धुताना ॲसिड आणि ब्लीच एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि आपली बाथरूमं केवढी असतात ते आपल्याला माहीत आहे. डोळ्यात रसायन उडालं तर पापण्या उघड्या धरून पंधरा ते वीस मिनिटं पाणी सोडा. नवी मुंबईतल्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात कामाला जाणाऱ्यांनी हे घरी आणि कारखान्यात दोन्हीकडे लक्षात ठेवावं.

आणि घराबाहेर, रस्त्यावर कोणी पडलेलं दिसलं तर पोलिसांच्या भीतीने पुढे जाऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांना संरक्षण दिलं आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते मोटार वाहन कायद्यातही आलं. नाव सांगायची सक्ती तुमच्यावर नाही.

आठवी पायरी: सराव

हे सगळं वाचून हाताला येत नाही. रेड क्रॉस किंवा सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचा प्रथमोपचाराचा वर्ग करा, पुतळ्यावर दाब देऊन बघा. दोन इंच म्हणजे किती, ते तिथेच कळतं. घरी एका रविवारी मुलाला सांगा, "आजी पडल्या असं समज, काय करशील?" त्याने कागद वाचून पत्ता सांगितला, डबा आणला आणि शेजारच्या काकांचं दार वाजवलं, की तुमचं निम्मं काम झालं.

सोसायटीत वर्षातून एकदा गेट ते फ्लॅट हा पूर्ण प्रवास करून बघा. रात्री कुलपाची किल्ली कोणाकडे असते, गाडी वळायला जागा आहे का, पाहुण्यांच्या गाड्या कुठे आडव्या लागतात. आमच्या इमारतीत दोन लिफ्ट आहेत आणि त्यातल्या एकाच लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावतं, हे आम्हाला गेल्या वर्षी टेप घेऊन मोजल्यावर कळलं. सातव्या मजल्यावरच्या त्या सुनेनेच मग त्या लिफ्टच्या दारावर, प्रत्येक मजल्याला, लाल पट्टी चिकटवली. मागच्या गेटची दुसरी किल्ली आता वॉचमनदादांच्या केबिनमध्ये, खिळ्याला टांगलेली असते.